खरं की थाप

आई विसरायला लागली आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा लेक घाबरून माहेरी आली. शिंपीकाम सोडून घरी बसलेल्या बाबांनी मात्र एक खेळ काढला होता. चहा घेताना ते जुनी आठवण सांगत, कधी खरी, कधी मुद्दाम मारलेली थाप, आणि कोणती ते आईने ओळखायचं.

"तुझ्यासाठी मी पहिला कोट शिवला, तो निळा होता."

"काहीतरीच काय. निळा नव्हताच मुळी."

"बरोबर, तपकिरी होता. आणि त्याची एक बाही आखूड झाली होती."

"हे मात्र खरं," आई म्हणाली. "आणि म्हणे शिंपी."

बाबा खूश होऊन कप विसळायला उठले. जाता जाता लेकीजवळ पुटपुटले, "बघितलंस? एकदाही चुकत नाही. डॉक्टरांना काय कळतंय."

लेकीचा जीव भांड्यात पडला. "आई, तुला एवढं सगळं आठवतं?"

आईने स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणला.



"कोट कसला नि बाही कसली, काही आठवत नाही गं. पण थाप मारली की ह्यांचे कान लाल होतात, ते थोडंच विसरतेय मी."