वाईट दिवसांचं कपाट

लेकीने सकाळी लवकर उठून दोन दिवस पुरेल एवढी भाजी करून ठेवली होती. दुपारी ती आईला दवाखान्यातून घेऊन आली, तर पातेलं घासून पालथं घातलेलं. मागच्या खोलीतून मशीनची घरघर ऐकू येत होती. म्हणजे भाजी मशीनमध्ये गेली होती.

"बाबा, ती आज खायची होती!"

"उरली असती तर आंबली असती," बाबा म्हणाले. "आता पंचवीस वर्षं बघायला नको."

तिने आईला धरून कॉटवर निजवलं, पायाखाली उशी दिली आणि स्वतः तिथेच जमिनीवर टेकली. तीन महिने ती माहेरी मुक्काम ठोकून होती. सकाळी स्वयंपाक, मग दवाखाना, तिथल्या बाकावर बसून ऑफिसचं काम, घरी आल्यावर पुन्हा स्वयंपाक. अंगात त्राण उरलं नव्हतं. आणि त्यात हे मशीन.

बाबांनी ते निवृत्त झाल्यावर घेतलं. त्यात अन्न आधी दगडासारखं गोठवायचं. मग पंप आतली हवा ओढून घेतो आणि बर्फाचं पाणी न होता परस्पर वाफच होऊन जाते. दीड-दोन दिवसांनी ट्रे बाहेर येतो तेव्हा वाटाणा वाटाण्यासारखाच दिसतो, वजन मात्र नावाला. ते सगळं बाबा चंदेरी पाकिटांत भरत, कडा चिकटवत, वर तारीख घालत आणि कपाटात रचून ठेवत. जन्मभर पाणीपुरवठ्याच्या पंपांवर मेकॅनिक म्हणून राबलेला माणूस. पंपाचं तेल बदलताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे, तो लेकीच्या लग्नातही कोणाला दिसला नव्हता.

"वाईट दिवसांसाठी असू द्यावं," ते म्हणत.

"यांचे वाईट दिवस एकदाचे आले की आपली चंगळ आहे," आई लेकीला डोळा मारून म्हणायची. तेव्हा ती धडधाकट होती.

कपाट जमिनीपासून छतापर्यंत भरलं होतं. त्यातलं एकही पाकीट आजवर फुटलं नव्हतं. या तीन महिन्यांत लेकीने किती विनवण्या केल्या. रोज एक फोडू, माझा एका वेळचा स्वयंपाक तरी वाचेल. बाबांचं उत्तर ठरलेलं. ते वाईट दिवसांसाठी आहे. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बायको अंथरुणाला खिळली आहे आणि हे पाकिटं राखत बसलेत! दवाखान्यात तरी यावं, तर तेही नाही. सुरुवातीला एकदा आले तेवढेच. पुढे रोज एकच कारण, मशीन चालू आहे, सोडून कसा येऊ?

आज डॉक्टरांनी आईला बाहेर बसवून लेकीला सांगितलं, "आता औषधं थांबवू. घरी न्या. मागतील ते खायला द्या." तिने तिथूनच बाबांना फोन केला आणि हे जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे मशीनची घरघर चालूच होती. मग बाबा "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तीन आठवडे आई चमचाभर सूपही नको म्हणत होती. येताना गाडीत मात्र आपणहून म्हणाली, "स्ट्रॉबेरी असती तर खाल्ली असती गं."

हंगाम नव्हता. तरी लेकीने आईची इच्छा सांगताच बाबा पिशवी घेऊन निघाले. दोन तासांनी परत आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. तीन बाजार पालथे घातले होते आणि पिशवीत जॅमची बाटली होती. आईने ती पाहिली.

"राहू द्या," ती म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली.

लेक उठली. तडक मागच्या खोलीत गेली. दुसऱ्या फळीवर स्ट्रॉबेरीची पाकिटं होती, दोन वर्षांपूर्वीची. तिने एक ओढून काढलं आणि कात्री घेतली. मागोमाग बाबा आलेच.

"ठेव ते."

"नाही ठेवणार."

"अगं, ते वाईट दिवसांसाठी..."

"बाबा, याहून वाईट दिवस आणखी कुठला यायचाय?" ती ओरडलीच.

बाबांनी हात लांब केला आणि मशीन बंद केलं. अगदी मधेच. चालू मशीन त्यांनी कधी कोणाला बंद करू दिलं नव्हतं. घरात एकदम शांतता झाली. ते स्टुलावर बसले.

"मी एकही फोडलं नाही गं," ते म्हणाले. "एकसुद्धा नाही. फोडलं, की आले ते दिवस. मग मी कुठल्या तोंडाने म्हणू, अजून नाही आले म्हणून?"

लेकीला रडू फुटलं. तीन महिने ती ज्यांना कंजूष म्हणून शिव्या घालत होती, ते नुसते घाबरलेले होते. आता पाकीट फोडायला तिचाही हात धजेना. तिने कात्री खाली ठेवली.

बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"अहो, ऐकताय ना? नाही आले हो ते दिवस. मला नुसती भूक लागलीय. फोडा."