चार नंबरची कंपनी

"पाचही तक्त्यांचे गुण मोजून झाले. पहिली आली चार नंबरची कंपनी," असं म्हणत समितीच्या अध्यक्षांनी निकालाचा कागद टेबलावर ठेवला. "चला, सुटलो एकदाचे."

ग्रंथपाल बाईंनी मान खाली घातली. वाईट वाटलं म्हणून नव्हे, हसू लपवायला. चार नंबरची कंपनी काल आलीच नव्हती.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला नवी सिस्टिम घ्यायची होती. कोणतं ई-नियतकालिक घेतलंय, कधीपर्यंत चालू आहे, एका वेळी किती जणांना उघडता येईल, हे सगळं बाई सहा वर्षं एका एक्सेलच्या तक्त्यात सांभाळत होत्या. त्यात अकरा रंग होते. कुठल्या रंगाचा अर्थ काय हे फक्त बाईंना ठाऊक, आणि त्यातल्या दोन रंगांचा तर आता त्यांनाही आठवत नव्हता. गेल्या वर्षी त्या रंगपंचमीत नूतनीकरणाची एक तारीख हरवली. ऐन प्रबंध जमा करायच्या आठवड्यात सत्तर नियतकालिकं बंद पडली. "तुम्ही दिवसभर करता तरी काय?" असं तेव्हा त्यांना भर वाचनकक्षात ऐकून घ्यावं लागलं होतं. ते त्यांच्या मनातून जात नव्हतं.

दोन नंबरच्या कंपनीची सिस्टिम आली असती तर हे सगळं संपलं असतं. ती तीन महिने आधीपासून तारखेची आठवण करून द्यायची. बाईंनी ती महिनाभर वापरून पाहिली होती. त्यांची इतकी खात्री पटली होती, की गुणांचे कोरे तक्ते छापले त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःचा भरून, सही करून, पाकिटात घालून टाकला. आयत्या वेळी शेजाऱ्याच्या कागदात डोकावणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

समितीतले बाकीचे होतेच तसे. एक होते आमच्याकाळी सर. यांचं प्रत्येक वाक्य "आमच्या काळी"नं सुरू व्हायचं, आणि ई-पुस्तकसुद्धा यांना छापून लागायचं. दुसरे डुलकी सर. दिवे मालवून पडद्यावर काही दाखवायला लागलं की हे गेलेच. तिसऱ्या संगणकवाल्या मॅडम. या सगळं सादरीकरण संपेपर्यंत मोबाइलमध्ये बघत बसायच्या आणि शेवटी विचारायच्या, "याचा रंग बदलता येतो का?" आणि या सगळ्यांवर अध्यक्ष. त्यांना पासवर्ड आठवत नाही म्हणून बाई दर सोमवारी नवा करून देत. अशांच्या हातात निर्णय. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

काल तीन कंपन्यांची सादरीकरणं झाली. चौथीचं चहानंतर होतं. चहा झाला, बिस्किटं संपली, आणि मंडळी आपापली पाकिटं टेबलावर टाकून पसार झाली. एकट्या बाई प्रोजेक्टर चालू ठेवून तासभर बसल्या. मग त्या कंपनीचा फोन आला, की आम्हाला जमत नाही, क्षमस्व. बाईंनी ते कोणालाच सांगितलं नाही. कोणी विचारलंच नाही, तर सांगायचं कोणाला? पाकिटं कार्यालयात गेली, हेडक्लार्कनं बेरजा केल्या, आणि हा निकाल.

"सर," बाई अगदी सावकाश म्हणाल्या, "चार नंबरची कंपनी काल आलीच नव्हती."

डुलकी सर चक्क जागे झाले.

"मी तासभर वाट पाहिली. सादरीकरण झालंच नाही. आपण गुण कशाला दिले, तेवढं मला कोणीतरी सांगा." सहा वर्षं साठवलेलं होतं, ते बाई एकेक घास चघळावा तसं बोलत होत्या. "न पाहिलेल्या गोष्टीला गुण देणाऱ्यांच्या मताला काय किंमत द्यायची? ज्यांनी ज्यांनी चार नंबरपुढे काही लिहिलंय, त्यांचा अख्खा तक्ता बाद करा. उरतील ते मोजा."

उरणार एकच होता, आणि त्यात दोन नंबरला पैकीच्या पैकी गुण होते. बाईंना दोन नंबरच्या सिस्टिमचा पडदा आताच समोर दिसायला लागला होता.

अध्यक्षांचा चेहरा पडला. पण वाद घालायला तोंड कुठे होतं? "बाई म्हणतात ते रास्त आहे," ते पुटपुटले. "लिहून घेतो. सर्वानुमते." त्यांनी ते इतिवृत्तात लिहिलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. बाईंनी सर्वांत मोठी सही केली.

मग अध्यक्षांनी पाकिटांतून तक्ते काढले.

"माझा. आठ गुण. 'वापरायला सोपी.'" त्यांनी स्वतःचा कागद खाली मान घालून बाजूला ठेवला. "बाद."

आमच्याकाळी सरांचे नऊ. "जुन्या वळणाची, भरवशाची." बाद. डुलकी सरांचे आठ, शेरा नाही. बाद. संगणकवाल्या मॅडमचे नऊ. "रंगसंगती उत्तम." बाई आता उघड उघड हसत होत्या.

पाचवा तक्ता अध्यक्षांनी हातात घेतला. त्यावरचं अक्षर मोत्यासारखं होतं. त्यांनी तो एकदा वाचला. चष्मा पुसून परत वाचला. बाईंचं हसू ओठांवरच राहिलं. तक्ते छापले ती संध्याकाळ त्यांना आठवली. दोन नंबरला दहापैकी दहा देऊन झाल्यावर, बाकीच्या तीन कंपन्यांना खाली ढकलायला किती भराभर पेन चाललं होतं, तेही आठवलं.

"बाई, तुम्ही चार नंबरला दोन गुण दिलेत," अध्यक्ष हळूच म्हणाले. "आणि शेरा आहे, 'सादरीकरण अत्यंत रटाळ. शेवटपर्यंत बसवलं नाही.'"