मोटर नावेत होती

नदीकाठच्या आमच्या तीन घरांत मिळून एकच स्टार्टर मोटर. ज्याला आपलं विजेचं डिझेल इंजिन सुरू करायचं असेल, तो ती नावेतून आणतो, इंजिनाला बसवतो आणि बटण दाबतो.

दुपारी मी मनिओकचे कंद किसत होते, तेव्हा लेकीचा, इल्माचा श्वास पुन्हा कोंडला. तिला वाफ द्यायच्या यंत्राला वीज हवी होती. माझं पिल्लू निळसर पडत चाललेलं. तिला कडेवर घेऊन खांबांवरच्या घराखाली, इंजिनाकडे धावले, बटण दाबलं. मोटर घरघरली, इंजिन धडधडू लागलं. थोडी वाफ घेताच पोरगी शांत झाली. मी यंत्र काढून ठेवलं.

इतक्यात नवऱ्याची, एडिवाल्डोची नाव काठाला लागली. त्याच्या मांडीवर मोटर होती.

"चालू कसं केलंस गं? फुंकर मारून?" तो हसला.

मी वाकून पाहिलं. इंजिनावर मोटरची जागा रिकामी होती. बॅटरीच्या वायरी नुसत्याच लोंबत होत्या.

इंजिन जरासं अडखळलं. इल्माचा श्वास अडखळला. इंजिन सावरलं, तशी तिची छाती पुन्हा हलू लागली.

"थांब, बंद करून बघतो," एडिवाल्डो म्हणाला.

मी नको म्हणेपर्यंत त्याचा हात इंजिन बंद करायच्या दांड्यावर पोचला होता.