निळा मफलर

सकाळपासून गाडी हाकत निवृत्त नर्स दीपगृहाशी पोहोचली, तेव्हा वसतिगृहाच्या दिवसांतल्या दोघी मैत्रिणी वाटच बघत होत्या. उंच मैत्रिणीने कडकडून मिठी मारली आणि पिशवीतला निळा मफलर तिच्या गळ्यात घातला. "तुझाच गं! मी तापाने फणफणले तेव्हा उशाशी बसून होतीस, विसरलीस?" नर्स गोंधळली. मफलर तिने जन्मात पाहिला नव्हता. की पाहिला होता? तिने दुसऱ्या मैत्रिणीकडे पाहिलं. ती कानात पुटपुटली, "हल्ली तिच्या आठवणींची सरमिसळ होते. मफलर आपल्या खोलीतल्या चिमणीचा; तेव्हा उशाशी तीच बसली होती. चिमणी वारली, हेही ती विसरलीय." खरं सांगावं तर तिला पुन्हा रडवायचं, न सांगावं तर चिमणीची माया आपल्या नावावर करायची. "चल, वर जाऊ," नर्स म्हणाली. जिन्यात उंच मैत्रिणीने विचारलं, "दमलीस का, चिमणे?" थबकून नर्स म्हणाली, "नाही गं."