तहानलेली जमीन

“ओत, मावशी, आणखी ओत,” शानो खड्ड्याच्या काठावरून म्हणाली.

तलासोने पिण्याच्या पाण्याचा कॅन उलटा केला. केनियातल्या चाल्बीच्या वाळवंटात पाणी गाढवांच्या पाठीवरून येतं, आणि ही पोरगी ते चक्क मातीला पाजत होती! पाहायला जमलेल्या बायांतून टोमणा आलाच, “आमच्या उंटिणीचं दूध पिऊन इंजिनियर झाली, आता आमचंच पाणी मातीत घालतेय.”

जमीन तशी दगडासारखी होती. कुदळ टणकन उडायची. एवढ्या टणक जागेवर बाळंतघर उभं राहिलंच, असं तलासोला वाटलं होतं. तिची थोरली पोर बाळंतपणात, दवाखान्याच्या वाटेवर उंटावरच दगावली होती. आता धाकटीला, बोकायोला, दिवस गेले होते.

पाणी मुरलं आणि जमीन फसकन खचली. शानोने घराचं वजन म्हणून खड्ड्यात रचलेली वाळूची पोती हातभर खाली गेली.

“इथे नाही बांधता येणार,” शानोचा आवाज चिरकला. “आज संध्याकाळपर्यंत चांगली जागा दाखवली नाही, तर बाळंतघर दुसऱ्या तालुक्यात जाईल.”

तलासोने तिचं मनगट धरलं. “कळव ना वर, जमीन टिकली म्हणून! पाऊस पडतोच कुठे इथे? आणि खचायला लागलं तर लादू उंटावर, नेऊ पुढे. आपण घरं नेतोच की!”

“सिमेंटचं घर आहे ते, मावशी. उंट बसेल तो उठायचा नाही. आणि पाऊस कशाला हवा? आत नळ असणार. रोज बाळं धुणार, फरशी धुणार. ते पाणी मुरेल, आणि एक दिवस भिंत बोकायोच्याच अंगावर येईल.”

तलासो खड्ड्याकडे बघत राहिली. जन्मभर ती पाणी नाही म्हणून घाबरली होती. पाणी असेल म्हणून घाबरायची ही पहिलीच वेळ.

तिने जागेची खूण म्हणून ठोकलेली खुंटी उपटली. टेकडीच्या पायथ्याशी, काळ्या खडकांजवळ नेऊन दगडाने ठोकली.

“अगं, पण तिथेही तेवढंच पाणी ओतावं लागेल,” शानो मागून ओरडली. “मग तुम्ही प्याल काय?”

तलासो वळलीसुद्धा नाही.

“थोरली गेली तेव्हा घोटभर पाणी उतरत नव्हतं घशाखाली. मेले का मी? खण!”