ठशातली भरती

१९५८ सालच्या मे महिन्यात चित्रकलेचे मास्तर हयवदनराव कारवारहून समुद्रापासून दूर असलेल्या चामराजपेटेतल्या घरी परतले. पायाच्या दुखण्यामुळे त्यांच्या बायकोने, अहल्येने, समुद्र कधी पाहिलाच नव्हता. तिच्यासाठी त्यांनी तिथले काळे खडक सागवानी फळीवर कोरले.

पहिला छाप निघाला, तशी अहल्येने टाळी वाजवली. "आणि भरती म्हणजे हो काय?"

"सांगून कळायचं नाही गं," म्हणत त्यांनी फळीला पुन्हा शाई लावली.

दुसऱ्या छापात पाणी खडकांच्या कमरेपर्यंत आलं होतं. त्यांनी फळी निरखून पाहिली. कोरलेल्या रेषा होत्या तशाच होत्या.

तिसऱ्या छापात खडकाचं एक टोक तेवढं उरलं. त्यांनी शाई बाजूला सारली. "बस झालं आता."

"स्वल्प शाई उरलीय की! अजून एकच काढा हो!" तिला इतकं खुशीत त्यांनी लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. त्यांनी चौथा कागद घेतला.

त्यावर नुसतं पाणी उमटलं.

"अगंबाई, किती गार!" अहल्येने खुर्चीत बसल्या बसल्या हसत लुगडं घोट्यांवर उचलून धरलं.

हयवदनरावांनी खाली पाहिलं. जमीन कोरडी होती. तरी त्यांच्या अनवाणी तळव्यांखालून वाळू हळूच सरकली.