मागचं दार

मान किती फिरते ते नितेशने आधी पाहिलं. पूर्ण फिरली. मग त्याने ती आणखी फिरवली. कट्‌ असा आवाज आला, पण मान काही निघाली नाही.

"मानेला पाचपैकी पाच," तो मोबाइलकडे बघत म्हणाला. मोबाइल वेदिकाने, त्याच्या बायकोने, धरला होता. तिचा चेहरा मोबाइलच्या मागे होता आणि तो तिथेच असलेला बरा होता.

रोबोट वीतभरही नव्हता. निळा. छातीवरचं लाल बटण दाबलं की हातपाय दुमडून क्षणात त्याची जीप व्हायची. सोबत अँब्युलन्स होती. तिला मागे दार, आत पट्टा असलेलं छोटंसं स्ट्रेचर, टपावर सायरन. हा सगळा ऐवज अनिलकाकाने मुंबईहून आरोहीच्या वाढदिवसाला धाडलेला. पण घरात आलेलं खेळणं आधी बापाच्या चॅनलवर जायचं आणि मग मुलीकडे, असा पालीतल्या त्या घराचा शिरस्ता होता. आजवर कुठलंही खेळणं मुलीपर्यंत पोचलं नव्हतं.

चॅनलचं नाव 'टिकेल का?'. सुरुवातीला नितेश खेळण्यांची नीट माहिती सांगायचा, तेव्हा त्याची सख्खी बहीणसुद्धा व्हिडिओ शेवटपर्यंत बघत नसे. मग एकदा हातून डंपर पडून फुटला आणि लोकांनी तो हजारोंनी बघितला. तेव्हापासून माहिती कमी झाली. बोलकी बाहुली पाट्यावर वरवंट्याखाली गेली. शेवटपर्यंत ती 'आय लव्ह यू' म्हणत होती. तो भाग सगळ्यांत जास्त चालला.

"बाबा, मागचं दार उघडून दाखवा ना," आरोही म्हणाली. ती पायरीवर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"दार काय बघायचं? दारं सगळ्यांच्या घरी असतात."

"आत झोपवता येतं त्याला."

"झोपवतोच आता."

रोबोटला अंगणातल्या जांभ्या चिऱ्यावर आपटून झालं. अंगावरून बाइक नेऊन झाली. उकळत्या पाण्यात घालून झालं. त्याचा एक डोळा गेला. तरी बटण दाबलं की जीप होत होती, पुन्हा दाबलं की तो उभा राहत होता. एवढा मार खाऊन उभा राहतो म्हणजे काय? नितेशला त्याचा राग येऊ लागला. त्याने दाराआडचा कोयता काढला.

पडवीत त्याचे वडील आप्पा सुपारी कातरत बसले होते. सारी हयात बोटीवर खलाशी म्हणून गेलेली, त्यामुळे ते सहसा कशाने दचकत नसत.

"अरे मेल्या, चांगला चालतोय ना तो? काय वाईट केलान तुझं?"

"लोकांना हवंय, आप्पा."

"लोकांना हवंय म्हणून माझा कोयता? कालच धार लावलीय."

इथे नारळ फोडायची एक रीत आहे. नारळ डाव्या तळहातावर घ्यायचा, कोयत्याच्या पाठीने त्याच्या कमरेवर टोले द्यायचे, आणि तळहातावरच तो फिरवत राहायचं. नितेश दुधाचे दात पडायच्या आधीपासून हे करत आला होता. हाताला विचारावं लागत नसे. त्याने रोबोट तसाच तळहातावर घेतला. पाठीने दोन टोले दिले. काही झालं नाही. मग त्याने कोयता फिरवून धार खाली केली. डावा हात मात्र नारळाचाच राहिला.

"चिऱ्यावर ठेव!" आप्पा ओरडले.

"तर मित्रांनो," नितेश म्हणाला, आणि हाणला.

कोयता बटणावर बसला. रोबोटने त्याचं काम केलं: क्षणात दुमडून जीप झाला आणि हातातून निसटला. कोयत्यासमोर आता फक्त करंगळी होती.

आधी दुखलंच नाही. काहीतरी उडालेलं नितेशने पाहिलं आणि रोबोट तुटला म्हणून त्याला बरं वाटलं. मग त्याने हाताकडे पाहिलं. करंगळी एक पेर आधीच संपत होती. तेव्हा तो जो ओरडला, तसं कुठलंच खेळणं ओरडलं नव्हतं.

वेदिकाने कपडे वाळत घालायच्या वळईवरचा पंचा ओढून त्याच्या हाताला गुंडाळला. एका हाताने. दुसऱ्या हातात मोबाइल तसाच होता, चालू.

"तुकडा शोधा!" आप्पा अडकित्ता टाकून उठले. "बोटीवर एकाचं बोट गेलेलं, ते जोडलान डॉक्टरने. बर्फ काढ गो फ्रिजमधला! आणि आधी तुकडा बघा, नायतर कोंबडा नेईल!"

शेजारच्या गोदाचा कोंबडा खरोखरच कुंपणाच्या दगडी गडग्यावरून उतरला होता आणि मान तिरकी करून फणसाखाली काहीतरी न्याहाळत होता. आप्पांनी चप्पल फेकली. ती नितेशला लागली.

तो पायरीवर बसला. पंचा लाल झाला, अंगण गरगरायला लागलं. सायरन ऐकू आला तेव्हा रत्नागिरीहून गाडी इतक्यात कशी आली याचं त्याला नवल वाटलं.

सायरन जमिनीलगत वाजत होता. आरोही गुडघ्यांवर रांगत अँब्युलन्स ढकलत आणत होती. चिऱ्यांच्या फटींतूनही चाकं अडकत नव्हती. पुढच्या सीटवर एका डोळ्याचा रोबोट होता. बापासमोर आल्यावर तिने गाडी थांबवली, आणि मोबाइलला नीट दिसेल अशी वळवली.

"तर मित्रांनो," ती अगदी त्याच्यासारखं म्हणाली, "मागचं दार असं उघडतं."

आत, छोट्या स्ट्रेचरवर, पट्टा लावून पेर झोपवलेलं होतं. नखाखाली वाढदिवसाच्या केकचं गुलाबी क्रीम अजून तसंच होतं.

आरोहीने दार अलगद लावलं. सायरन बंद केला.

"झाला ना रिव्ह्यू, बाबा?" ती म्हणाली. "आता हे माझं ना?"